भेंडीच्या ठशाचं फडकं

बातमी आली तेव्हा मी देवळीच्या बसस्टँडवर होते. धाकट्या बहिणीकडे राहून वर्ध्याला परत निघाले होते, हातात तिनं दिलेली तुरीच्या शेंगांची पिशवी होती आणि फोन वाजला. आमच्या समोरच्या घरातली सून, पल्लवी. “काकू, तुम्ही कुठं आहात? कमलआजी गेल्या...” एवढं बोलली आणि रडायलाच लागली. “सकाळी दूध द्याले गेली तं ओट्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या. मले वाटलं, डोया लागला...” अशा वेळी माणूस काय विचारतो? कधी, कसं, मुलाला कळवलं का. मी विचारलं, “पल्लवी, गॅस बंद होता काय?” काकूंच्या डोक्यावर परिणाम झाला असंच पोरीला वाटलं असणार. मग ती म्हणाली, “हो, बंद होता. चहा गायून कपात ठेवला होता. अन् बटनांवर ते त्याहिचं भेंडीचं फडकं टाकलं होतं, रोजच्यासारखं.”

माझा जीव भांड्यात पडला. जिवाभावाचं माणूस गेल्याचं ऐकून जीव भांड्यात पडावा, हे लिहितानाही विचित्र वाटतं. पण तसंच झालं. मी पिशवी बाकावर ठेवली, शेजारी बसले आणि पोटभर रडले. वर्ध्याची एक गाडी लागली आणि निघूनही गेली. कमलताईंनी शेवटचा चहा स्वतःच्या हातानं, स्वतःच्या ओट्यावर केला होता, आणि गॅस बंद करून मग त्या गेल्या होत्या. गेली काही वर्षं त्या बाईचं देवाकडे एवढंच मागणं होतं. ते का, आणि त्याचा एका साध्या फडक्याशी काय संबंध, हे मला आज सांगायचं आहे.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेत प्लॉट पाडून आमचं लेआउट झालं तेव्हा चारी बाजूंनी वावरं होती. घरं मोजकीच, रस्ता नावालाच. आमचं आणि कमलताईंचं घर भिंतीला भिंत लावून उभं राहिलं. त्यांचे यजमान, आम्ही त्यांना भाऊजी म्हणायचो, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी देवळीच्या शाळेत शिकवायला जायची. कमलताई माझ्याहून दहा-एक वर्षांनी मोठ्या आणि घरीच असायच्या, म्हणजे दिवसभर त्यांच्या पायाला भिंगरी. माहेर हिंगणीचं, भाजीपाल्याचे कास्तकार. त्यांचा भाऊ वर्ध्याच्या बाजारात माल घेऊन यायचा आणि जो विकला जायचा नाही तो परतीच्या वाटेवर बहिणीच्या दारात ठेवून जायचा. वाकडी कारली, फुटके टमाटे, आणि उन्हाळ्यात निबर झालेल्या भेंड्या, ज्यांना गाईसुद्धा तोंड लावत नाही. भाऊ प्रेमानं देतो म्हणून ताईंना त्या फेकवत नसत, आणि खायच्या तर दातांचा प्रश्न. त्या भेंड्यांचं काय करावं हे त्यांना कळेपर्यंत काही वर्षं गेली.

कळलं ते एका भांडणामुळे. आमच्या गल्लीत तेव्हा लग्न निघालं की पोळ्यांचं काम वाटून घ्यायची पद्धत होती. लग्नघरची बाई प्रत्येकीकडे कणीक पोचवायची आणि प्रत्येकीनं आपापल्या घरी पोळ्या लाटून, फडक्यात गुंडाळून आणून द्यायच्या. फडकी सगळ्यांची सारखीच, बाजारातल्या एकाच दुकानातल्या मांजरपाटाची. जेवणावळी उठल्या की फडक्यांचा एक ढीग उरायचा आणि कुणाचं कोणतं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एका लग्नात दोघींनी एकच फडकं दोन टोकांनी धरलं. एक म्हणे माझं नवंकोरं होतं, हे माझं. दुसरी म्हणे तुझं कसलं नवं, तुझं तर भोकाचं. नवरीची पाठवणी राहिली बाजूला आणि मांडवात फडक्याची रस्सीखेच सुरू झाली. शेवटी कमलताई मधे पडल्या, फडकं आपल्या काखोटीला मारलं आणि म्हणाल्या, “हे कोनाचंच नाई. उद्या माझ्याकडे या दोघीजनी. फडकी घेऊन येजो, तोंडं घरी ठेवजो.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणात तो पहिला ठसा उमटला. निबर भेंडी देठाकडून कापली की पाच पाकळ्यांचं फूल दिसतं, हे त्यांना भाजी चिरताना कधीचंच माहीत होतं. त्यांनी रंगात बुडवून ते फडक्यावर दाबलं. वाकडं कारलं आडवं कापलं तर दातेरी चाक निघालं. कांदा अर्धा केला तर एकात एक कडी. मग घराघराला खूण वाटून दिली. भेंडीचं फूल त्यांचं स्वतःचं. पल्लवीच्या सासूबाईंना कारलं मिळालं, त्यावर त्या दोन दिवस रुसून होत्या. मला कांदा. मी विचारलं, “मले कांदा काऊन?” तर म्हणे, “मास्तरीन हायेस न. लोकाईच्या लेकराईले रडवतेस.”

पहिल्या खेपेला मात्र फजिती झाली. रंग म्हणून त्यांनी होळीचा उरलेला गुलाबी रंग डिंकात कालवला होता. फडकी दिसायला झकास झाली. पहिल्याच धुण्यात तो सगळा रंग बादलीत उतरला आणि त्याच बादलीत भाऊजींच्या बनियनी होत्या. भाऊजी गरीब गाय, गुलाबी बनियन घालून कामावर गेले आणि पुढे कित्येक महिने जिनिंगमध्ये त्यांना सगळे गुलाबराव म्हणत होते. कमलताईंना ते आठवलं की हसताहसता ठसका लागायचा. मग कुणीतरी सांगितलं, कपड्यावरचा रंग वेगळा मिळतो. तेव्हा मी वर्ध्याहून छोट्या बाटल्या आणून दिल्या. त्यानंतर गल्लीतल्या एकाही फडक्याचा रंग गेला नाही आणि एकाही लग्नात भांडण झालं नाही. म्हणजे फडक्यावरून झालं नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला करून बघायचं असेल तर फार काही लागत नाही. मांजरपाट आणायचा, गरम पाण्यात भिजत घालून त्यातली खळ काढून टाकायची, नाहीतर रंग धरत नाही. चौकोन कापून कडा दुमडायच्या आणि धावदोरा घालायचा. भेंडी कापल्यावर तिचा चिकटा जुन्या चिंधीवर टिपून घ्यायचा. रंग ताटलीत ओल्या कापडाच्या घडीवर पसरायचा आणि ठसा त्यावर हलकेच टेकवायचा, थेट रंगात बुचकळायचा नाही. सरळ दाबायचं, सरळ उचलायचं. सावलीत वाळवायचं आणि उलट्या बाजूनं इस्त्री फिरवायची. हे सगळं मी कमलताईंकडून शिकले, आणि तरी माझे कांदे नेहमी तिरपेच पडले. कडेला कुणी जुन्या साडीचा काठ लावायचं, कुणी नागमोडी लेस. ताईंना सुईकामाची हौस, त्या फुलाच्या मधोमध गाठीचा टाका घालायच्या. एक नियम मात्र कडक होता. फडकं वापरायचं. कुणी कौतुकानं कपाटात ठेवलं तर त्या घरात शिरून शोधून काढायच्या. “हयद नाई, तेल नाई, याले का हार घालतेस? दे इकडं, दुसरीले देतो,” म्हणून खरंच घेऊन जायच्या. मी नवी फडकी मुद्दाम हळदीच्या हातानं पुसून ठेवायची, उगाच कटकट नको.

दिवस गेले. भोवतालची वावरं गेली, तिथं दुमजली घरं आली, लग्नाच्या पोळ्या केटरर करायला लागला. भाऊजी गेले. कमलताईंचा मुलगा प्रशांत पुण्यात नोकरीला लागला, तिथंच त्यानं रश्मीशी लग्न केलं. भाऊजींच्या तेरवीनंतर प्रशांत आईला म्हणाला, “आई, तुझे हातपाय चालतात तोवर तू अथी राह्य, मी काई म्हनत नाई. पन डोयाईनं दगा देला की मी न्याले येईन. एकटीच्या घरात गॅस हाये, ध्यानात ठेवजो.” त्याचंही काही चुकलं नव्हतं. तेव्हा मी समोरच बसले होते, आणि मान डोलावली होती.

कमलताई पुण्याला जाऊन राहिल्या नव्हत्या असं नाही. दोन महिने राहून आल्या. सून गुणाची, मुलगा हळवा, कशाला तोटा नव्हता. परत आल्या त्या दिवशी त्यांनी पिशवी दारातच टाकली, थेट ओट्यापाशी गेल्या आणि चहाचं आधण ठेवलं. मी म्हटलं, जरा बसा तर खरं. तर म्हणाल्या, “तथी मी पाव्हनी होतो वं. पाव्हनीले चहा भेटते, चहा करता येत नाई.” आणि उकळत्या चहाकडे इतक्या समाधानानं बघत राहिल्या की मी निमूट कप विसळायला घेतले.

त्यांच्या डोळ्यांचं मला कळलं ते फडक्यावरूनच. एका दुपारी त्यांनी ठसे मारलेलं फडकं मला दाखवलं. भेंडीची फुलं एकमेकांवर चढलेली, काही कडेवरून खाली वर्तमानपत्रावर सांडलेली. मी चिडवलं, “हे कोणतं नवीन डिझाईन काढलं?” त्या हसून म्हणाल्या, “बाजाराच्या दिवसाचं. गर्दी हाये.” मीही हसले. पुढच्या आठवड्यात ताईंकडून माझ्याकडे डब्यावर झाकून आलं ते त्यांचं भेंडीचं नव्हे, पल्लवीच्या सासूबाईंचं कारल्याचं फडकं. मग एकदा म्हणाल्या, “सुनंदा, ये बाई, सुया ओवून ठेव. लाल एका रांगेत, हिरव्या एका रांगेत.” मी ओवत बसले आणि त्या माझ्याकडे न बघता खिडकीकडे तोंड करून बोलत होत्या. मी सुई खाली ठेवली. “कमलताई, किती दिसते तुमाले?” त्या म्हणाल्या, “मधातलं दिसते. बाजूचं कोनी पुसून नेलं.”

वर्ध्यातल्या डॉक्टरांनी तपासलं. काचबिंदू. गेलं ते परत येणार नाही, थेंब नियमानं टाकले तर जाण्याचा वेग कमी होईल, असं ते म्हणाले. परतताना ऑटोत कमलताईंनी माझा हात धरला. मला वाटलं, आता रडतील. तर कानाशी तोंड आणून म्हणाल्या, “प्रशांतले नको सांगजो. माही चूल जाईन.” मी म्हटलं, भाजाल, पडाल, काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? “तू भितेस म्हनून मी पाव्हनी होऊ?” मी गप्प बसले, आणि त्या बाईनं माझं गप्प बसणं होकार म्हणून खिशात टाकलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कुठं वाचलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या तोंडावर त्यांनी लहान लहान फडकी बांधली. मिठाच्या डब्यावरच्या फडक्याला कडेनं गाठीचे टाके, बोटाला खडेमिठासारखे लागणारे. साखरेवर भाऊजींच्या सदऱ्याचं गुळगुळीत बटण. तिखटावर नागमोडी लेस. चहापत्तीवर सुताचे झुबके. ठसे सगळ्यांवर होते, पण ते बघणाऱ्यांसाठी. ताईंसाठी होती ती कड. आणि गॅससाठी मोठं भेंडीचं फडकं. फडकं खांद्यावर म्हणजे गॅस चालू. बंद केला की बटणं हातानं चाचपून बघायची आणि मग फडकं बटणांवर आडवं टाकायचं. स्वयंपाकघरातून बाहेर पडताना खांदा जड लागला तर मागे फिरायचं. या नियमात मी त्यांना कधी चुकताना पाहिलं नाही.

गंमत म्हणजे हे गुपित उघड्यावर लटकत होतं आणि कुणालाच दिसत नव्हतं. जी येई ती म्हणे, कमलताई, काय सजवलं हो स्वयंपाकघर! हळूहळू गल्लीत फॅशनच आली. प्रत्येकीच्या डब्यावर ठशाचं फडकं आणि कडेला बटण. पल्लवीनं तर मोबाईलवर त्यांच्या ओट्याचा व्हिडिओ काढला, मागे गाणं टाकलं, आणि कुठल्या कुठल्या बायकांनी त्याला बदाम पाठवले. कमलताई मला कोपरानं ढोसून पुटपुटल्या, “पाह्य, आपली काठी साऱ्याईले दागिना वाटून राह्यली.” आम्ही दोघी पदर तोंडाला लावून हसलो. पल्लवीला वाटलं, आजी लाजल्या.

मग ती दिवाळी आली. प्रशांत आणि रश्मी सुट्टी काढून आले. आदल्या आठवड्यात मी आणि ताईंनी तालीम केली होती. कुठं पाट ठेवायचा नाही, कुणाला वाढताना कोणत्या बाजूनं जायचं. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी प्रशांत आईला घेऊन हिंगणीला मामाकडे गेला. रश्मी मागे राहिली, आणि घरात एकटी आहोत तर सासूबाईंना काही मदत करावी असं तिच्या मनात आलं. गुणी मुलगी. तिनं सगळे डबे पुसले. सगळी फडकी सोडून धुतली, वाळवली, इस्त्री केली. आणि परत बांधताना तिला वाटलं, रंगाला रंग जुळवू. लाल ठसे एका रांगेत, हिरवे एका रांगेत, निळे एका रांगेत. तिच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फराळाला बोलावलं. मी आत शिरले, खुर्चीवर बसले आणि ओट्याकडे नजर गेली. बटण मिठाच्या डब्यावर होतं. कमलताई ओट्यापाशी उभ्या, खांद्यावर भेंडीचं फडकं, आधण उकळत होतं. त्यांना साखर चालत नसे, म्हणून स्वतःचा कप त्यांनी आधीच वेगळा गाळून ठेवला होता. मी उठले. “ताई, साखर मी टाकते.” “बस तिथं गुपचूप. पोरगा आला हाये माहा, मी करन.” मी खोकले. मी पुन्हा उठले. प्रशांत म्हणाला, “काकू, बसा न, आईच्या हातचा चहा पिऊ द्या आमाले.” आणि त्यांचा हात डब्यांवरून गेला, बटणावर थांबला, बोटानं ते एकदा गोल कुरवाळलं... आणि चमचे भरून भरून आत पडले.

रश्मीनं पहिला घोट घेतला आणि कप तसाच धरून राहिली. मी घेतला. काय सांगू, दर्यातलं पाणी उकळून प्यायल्यासारखं. मी प्रशांतकडे बघितलं नाही, धीर झाला नाही. माझ्या डोळ्यांसमोर पुण्याची गाडी, कमलताईंची बॅग आणि कुलूप लावलेलं हे घर उभं राहिलं. ताई आपला कप हातात घेऊन, तोंडभर हसू आणून, आवाजाच्या दिशेनं चेहरा करून उभ्या होत्या. “कसा झाला?” प्रशांतनं घोट गिळला. त्यानं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग डब्यांच्या रांगेकडे, मग तिच्या बोटांकडे. तो शांतपणे कप रिकामा होईपर्यंत प्यायला. मग म्हणाला, “आई, अजून अर्धा कप हाये काय?”

मी आयुष्यात पुष्कळ हुशार मुलं पाहिली. पण त्या सकाळी माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवावा असं मला फार वाटलं. कमलताईंनी पातेलं हातानं चाचपलं, उरलेला अर्धा कप त्याच्या कपात ओतला, एक थेंब बाहेर नाही. तो तेही प्यायला. मग रश्मी उठली. ओट्यापाशी जाऊन सासूच्या शेजारी उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आई, माझं चुकलं. काल मी सगळी फडकी सोडून धुतली आणि मनानंच बांधली. कोणतं कुठं असतं, ते सांगा ना मला.”

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी हात पुढे केला, बटणाचं फडकं सोडलं, डब्यात बोट घातलं आणि जिभेला लावलं. मग त्या म्हणाल्या, “अन् तू दुसऱ्यांदा मांगतला?” प्रशांत म्हणाला, “पह्यला पचला तं दुसऱ्याले काय भ्याचं?” ताईंनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या, बटणांवरचं भेंडीचं फडकं मांडीवर घेतलं आणि त्याची घडी घालत विचारलं, “मंग? बांधू माहं बोचकं?” त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. फडक्याची घडी पुन्हा पुन्हा चुकत होती. प्रशांत जमिनीवर त्यांच्यासमोर बसला. “बोचकं राहू दे. आधी फडकी बांध बरोबर. तुले त्याईच्यानं दिसते तं दिसू दे. पन माह्यापासून लपवजो नको, आई. मी का दुश्मन हाये?” मग कमलताई रडल्या. तो रडला, मी रडले. रश्मी मात्र डोळे मिटून डब्यांपाशी उभी होती. सासूनं सांगितलं तसं एकेक फडकं हातानं ओळखत होती आणि एकेक परत बांधत होती. तिनं त्या दिवशी डोळे उघडले ते सगळे डबे बांधून झाल्यावर.

प्रशांतनं अटी घातल्या. आच विझली की आपोआप बंद होणारी शेगडी आली, रोज संध्याकाळी फोन आला. मला तर त्यानं हात जोडून सांगितलं की काकू, यापुढं लपवाछपवी नाही. पण चूल राहिली. त्यानंतर कमलताईंना फार काळ मिळाला नाही, पण जो मिळाला तो त्यांनी मालकिणीसारखा घालवला. मधलं दिसायचं तेही पुढं अंधुक झालं. तरी पोळी गोल आणि चहा गोड. त्या दिवसात त्यांच्या फडक्यांवर ठसे कुठंही पडायचे, आणि मला तीच फडकी सगळ्यात देखणी वाटायची.

देवळीला जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना सांगायला गेले. त्यांनी एक पिशवी माझ्या हातात दिली. आत फडकी. कांद्याचे ठसे, कडेला गाठी, बटण, लेस, झुबके. सगळं. एक मोठंही होतं, गॅससाठी. मला जरा रागच आला. “मले कायले? माहे डोये चांगले हायेत.” कमलताई म्हणाल्या, “माहे बी होते.” मग माझा हात चाचपून धरला. “आतापासून बांध वं, मास्तरीन. हाताले सवय पडाले टाईम लागते. अन् कपाटात नको ठेवजो, मी पाह्याले येईन.” मी बरं म्हटलं, घरी आले आणि त्यांचं मन राखायचं म्हणून त्याच संध्याकाळी सगळे डबे बांधून टाकले. दुसऱ्या सकाळी देवळीची बस धरली. ती आमची शेवटची भेट.

तेरवी झाली. घर आवरताना रश्मीनं मला बोलावलं. प्रशांत बाहेर ओसरीत बसला होता, त्याला आत येववत नव्हतं. डब्यांवरची फडकी तिनं सोडली नाहीत, तशीच राहू दिली. फक्त गॅसच्या बटणांवरचं भेंडीचं फडकं उचललं. त्यावर हळद होती, तेल होतं, एका कोपऱ्याला चहाचा डाग. म्हणाली, “काकू, हे मी नेते. न धुता नेते. पुण्याला वापरेन मी, कपाटात नाही ठेवणार.” मग घराला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडे आहे. दर आठवड्याला जाऊन मी खिडक्या उघडते.

परवा माझ्या स्वयंपाकघरातली फडकी मळली म्हणून धुतली, वाळली तशी परत बांधली. काल दुपारी चहा ठेवला आणि मनात आलं, बघू तर खरं. फडकं खांद्यावर टाकलं. डोळे मिटले. आधी भीती वाटली, आपल्याच ओट्यावर परक्यासारखं झालं. मग हात डब्यांवरून जाऊ लागला. लेस... झुबके, पत्ती इथं... गाठी, हे नको... आणि गुळगुळीत बटण. दोन चमचे घातले. हातानं पातेलं धरून कपात गाळलं. डोळे न उघडताच घोट घेतला. मीठ! फडकी परत बांधताना मीही रश्मीसारखंच केलं होतं, लक्ष दुसरीकडे होतं. कप मोरीत ओतायला निघाले होते... पण ओतवला नाही. तिथंच ओट्यापाशी उभी राहून पूर्ण प्यायले. पातेल्यात अजून अर्धा कप उरला होता, तोही घेतला. मग बटणं हातानं चाचपून बघितली, गॅस बंद होता, आणि त्यांवर खांद्यावरचं कांद्याचं फडकं टाकलं.